अकरावा वॉर्ड

रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणारी वायरताई तळघरात स्टुलावर चढून छताच्या पोकळीतून एक जुनी केबल ओढत होती, तेवढ्यात मागच्या टेबलावर दाराची बेल वाजली. केबल तशीच लोंबकळत सोडून ती खाली उतरली. बेल कॉम्प्युटरमधली होती, तिनेच बसवलेली. बसवल्यापासून आजवर ती एकदाही वाजली नव्हती आणि कधी वाजू नये अशीच तिची इच्छा होती.

अकराव्या वॉर्डात कोणीतरी आलं होतं.

रुग्णालयात वॉर्ड दहाच. अकरावा फक्त नेटवर्कवर होता, आणि तो वायरताईने चोरांसाठी बांधला होता. हे चोर खिडकी फोडत नाहीत. कुठल्यातरी कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळवून आत शिरतात, मुकाट्याने हिंडून काय कुठे आहे ते पाहून घेतात, आणि एके दिवशी एका इशाऱ्यासरशी सगळ्या फायलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागतात. रुग्णालयातल्या खऱ्या माणसाला अकराव्या वॉर्डात जायचं काही कारण नव्हतं. तिथल्या खाटा, औषधं, माणसं, सगळं बनावट. म्हणजे जो तिथे जाईल तो बाहेरचा, इतका साधा हिशोब.

साधा आपला म्हणायला. वॉर्ड बांधणं सोपं होतं, त्यातली माणसं जिवंत ठेवणं महाकठीण. रोज नव्या नोंदी पडल्या नाहीत तर चोराला लगेच वास येतो. वायरताईला केबलींमधलं सगळं कळायचं, पण माणसं काही रचता येत नसत. तिच्या पहिल्या सगळ्या रुग्णांना ताप होता आणि सगळ्यांचं वय चाळीस होतं. ते वाचून तिची आई पोट धरधरून हसली होती.

"अगं, हा वॉर्ड आहे की शाळेची हजेरी?" आई म्हणाली. "सरक. मी सांगते, तू लिही."

आईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती जिना उतरत नसे. दिवसभर घरात ती आणि तिचा रेडिओ. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आई सांगायची आणि वायरताई टाइप करायची. आईने तो वॉर्ड असा काही भरला की विचारू नका. एक भांडखोर आजी होती, तिला प्रत्येक नर्सचं इंजेक्शन आदल्या नर्सपेक्षा जास्त दुखायचं. मुतखडा झालेला बसड्रायव्हर होता, तो झोपेत थांब्यांची नावं पुकारायचा. सात नंबरच्या खाटेवर घड्याळजी होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. फायलीत सगळ्यांना रीतसर नावं होती, पण मायलेकी त्यांना अशाच ओळखत. पंचाईत एकच होती. आई कोणाला मरू देत नसे, आणि बरं झालेल्याला घरी सोडायचंही तिच्या जिवावर यायचं.

"नोंदी एवढ्या लांबलचक नसतात, आई. रक्तदाब, ताप, संपलं," वायरताई कुरकुरायची.

"मग तुमच्या नर्सांना माणसांची हौस नाही," असं म्हणून आई पुढचं सांगू लागायची.

आज त्याच वॉर्डात चोर शिरला होता आणि एकेका खाटेवरून पुढे सरकत होता. वायरताईने त्याच्या येण्याचा माग काढला. तो आज आलेला नव्हता, कधीचाच आत होता. रक्तपेढी, प्रयोगशाळा, औषधांचं भांडार, जिकडे तिकडे त्याने कुलपाचे प्रोग्राम पेरून ठेवले होते. ते आता त्याच्या इशाऱ्याची वाट बघत बसले होते.

अशा वेळी काय करायचं हे तिनेच ठरवून ठेवलं होतं. चोराला एकट्याला हाकलायचं नाही, कारण हाकललं की तो जाता जाता इशारा देतो. त्याला पत्ता लागू न देता मुख्य केबल ओढायची आणि सगळं रुग्णालय एका झटक्यात सुटं करायचं, म्हणजे इशारा कोणापर्यंत पोचतच नाही. फक्त ओढण्याआधी ऑपरेशन थिएटरला विचारायचं. एक हात मुख्य केबलवर ठेवून तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"आत्ता नाही हं," थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या. "बाळाचं हृदय उघडलंय."

मग सर्जनांचा आवाज आला. ते नेहमीसारखेच हळू बोलत होते.

"वायरताई, माझ्यासमोर नकाशा आहे. त्यावर बघून टाके घालतोय. तो गेला तर मी चाचपडत बसेन."

"पण सर, चोर आत आहे. त्याने कुलूप घातलं तर नकाशा असाही जाईल."

"मग त्याला घालू देऊ नका. शेवटचा टाका पडला की मी सांगतो."

तो नकाशा वायरताईने सकाळीच पाहिला होता. थिएटरची लाइन तपासायला ती गेली होती, तेव्हा पडद्यावर ते हृदय फिरत होतं. खरं तर लिंबाएवढं, पण पडद्यावर भलंमोठं, निळ्या-तांबड्या रंगांत. तपासणीचं यंत्र क्षणाक्षणाला चित्र पाठवत होतं, तळघरातला सर्व्हर ते जुळवत होता, आणि भिंतीतलं भोक कुठे आहे ते केसाइतक्या बारकाईने दिसत होतं. आपण ओढलेल्या केबलीतून हे जातं, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला होता. हातात टेस्टर घेऊन ती तिथे इतका वेळ उभी राहिली की सिस्टरांनी तिला कोपराने बाजूला केलं.

चोर शिरल्याचा निरोप अधीक्षकांनाही आपोआप गेला होता. तळघराचं दार धाडकन उघडून ते आत आले. रुग्णालयाचा सगळा भार त्यांच्यावर, आणि जिना उतरून त्यांना धाप लागलेली.

"ओढ ना ती केबल! बघत काय बसलीस?"

तिने थोडक्यात सांगितलं. अधीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या कीबोर्डांच्या खोक्यावर ते मटकन बसले.

"मग आता?"

"तो वाचतोय. त्याला वाचू द्यायचं," वायरताई म्हणाली.

आणि तो खरंच वाचत होता. बाकीचे चोर फायली गोणीत भरल्यासारख्या उचलून नेतात. हा एक पान उघडायचा, बराच वेळ थांबायचा, मग दुसरं उघडायचा. परकी भाषा असणार, भाषांतर करून घेत असणार. कुठे दाबलं की रुग्णालय जास्त कळवळेल ते शोधत असणार. आजीला त्याने झटपट मागे टाकलं. बसड्रायव्हरपाशी थोडा रेंगाळला. मग त्याने सात नंबरची फाईल उघडली, ती अगदी पहिल्या नोंदीपासून, आणि तिथून तो हलेना.

अधीक्षक मान लांब करून वाचू लागले.

"भेटीची वेळ. घड्याळजींनी केस विंचरले, खाट वर करून घेतली. कोणी आलं नाही. म्हणाले, रस्त्यात अडकला असेल."

"भेटीची वेळ. शेजारची खुर्ची दाराकडे वळवून ठेवली. कोणी आलं नाही."

"वॉर्डातलं बंद पडलेलं घड्याळ घड्याळजींनी उतरवून दुरुस्त केलं. म्हणाले, येणाऱ्याला वेळ कळायला हवी. कोणी आलं नाही. रक्तदाब ठीक."

"कोण आहे हा म्हातारा?" अधीक्षकांनी दबक्या आवाजात विचारलं. "आपल्याकडे कधी होता?"

"तो नाहीच आहे, सर."

चोर पान उलटत होता आणि फाईल आता संपत आली होती. आजची नोंद रिकामी होती, कारण आजची संध्याकाळ अजून व्हायची होती. वायरताईने आपला मोबाइल काढला.

"आत्ता?" आई म्हणाली. "वाटाणे सोलतेय मी."

"आई, ऐक. आपल्या वॉर्डात चोर आलाय. घड्याळजींची फाईल वाचतोय. ती संपली की तो उठेल आणि वरती टेबलावर एक बाळ आहे. पुढचं सांग."

पलीकडे वाटाणे भांड्यात पडण्याचा आवाज थांबला.

"वाचतोय?" आईने विचारलं. तिचा आवाज वेगळाच झाला होता. "खरंच वाचतोय?"

"अगदी पहिल्यापासून."

"थांब, नीट बसते."

आईने नीट बसून सुरुवात केली. वायरताई टाइप करत गेली आणि ड्यूटीवरची कोणी नर्स लिहीत असावी तशी एकेक ओळ फायलीत उमटत गेली. भांडखोर आजीने आपलं गाठोडं घड्याळजींच्या खुर्चीवर ठेवलं. घड्याळजींनी ते उचलून परत तिच्या खाटेवर ठेवलं. तिने पुन्हा खुर्चीवर ठेवलं. शेवटी आजी म्हणाली, कोणाची आहे एवढी ही खुर्ची?

"मग?" अधीक्षकांनी विचारलं.

"कोण आहे गं तिथे?" आईने विचारलं.

"आमचे अधीक्षक आहेत. तू सांग."

"मग काय, घड्याळजी म्हणाले, मुलाची. आजी म्हणाली, मी आल्यापासून तर रिकामीच बघतेय. घड्याळजी खुर्ची सरळ करत राहिले. आजीच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो ते. तिने गाठोडं उचललं, खुर्ची हाताने झटकली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत स्वतःच दाराकडे बघत बसली. लिहिलंस?"

चोराने पान पुन्हा उघडलं. नवी ओळ आली की तो तेवढी वाचायचा आणि थांबायचा. जगाच्या कुठल्याशा टोकाला बसलेला एक माणूस पुढच्या ओळीची वाट बघतोय, हे वायरताईला स्पष्ट दिसत होतं. रुग्णालयाचा गळा ज्याच्या हातात होता तो माणूस तिच्या गुडघेदुखीने बेजार आईचं ऐकत बसला होता. 

"आई, आता मुलगा आणू या का त्याचा?" तिने विचारलं. "तो उठायचा नाही मग."

"नको."

"अगं, एवढं एकच वाक्य—"

"तो कशाला येतोय? खोटं कशाला लिहायचं?"

"आई, सगळा वॉर्डच खोटा आहे."

"असू दे," आई म्हणाली. "पण हे खोटं मला नाही जमायचं."

वायरताईचे हात कीबोर्डवरच थांबले. दादा समुद्रापलीकडे राहत होता. दर रविवारी फोन करायचा, तिकडे थंडी किती आहे ते सांगायचा, आणि पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणायचा. घरात खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्यावर आई कोणाला इस्त्रीचे कपडे ठेवू देत नसे. वायरताईला वाटायचं, आईला टापटिपीची आवड आहे. इतक्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने एकेक ओळ टाइप केली होती आणि तिला काही दिसलं नव्हतं. तिला आत्ता, भलत्या वेळी, रडू येत होतं.

"काय झालं? गेला का तो?" आईने विचारलं.

"नाही. इथेच आहे. सांग."

मग आईने घड्याळजींचं तरुणपण सांगितलं. मुलगा लहान असताना दुकानातल्या टेबलाखाली बसायचा आणि सगळ्या घड्याळांना वेगवेगळ्या वेळी टोले द्यायला लावायचा, त्यामुळे दिवसभर दुकानात कसलातरी गजर सुरूच असायचा. गिऱ्हाइकं वैतागायची, घड्याळजी रागावल्यासारखं करायचे. हे सगळं घड्याळजींनी रात्रपाळीच्या नर्सला सांगितलं म्हणून नोंदीत आलं, असंही आईने न चुकता लिहायला लावलं. अधीक्षक खोक्यावर कोपरं टेकून ऐकत होते. आपण कशासाठी खाली आलो होतो हे ते विसरले असावेत.

भिंतीवरचा फोन खणखणला तेव्हा दोघंही दचकले.

"पडला टाका," सर्जन म्हणाले. "नकाशाचं काम संपलं. ओढा."

वायरताईने दोन्ही हातांनी केबल ओढली.

तळघरातले सगळे दिवे एकदम विझले, म्हणजे यंत्रांवरचे ते हिरवे टिपके. अधीक्षक वरती धावले. वायरताई त्यांच्या मागे जिना चढली, आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी येऊन थबकली.

कॉम्प्युटरचे सगळे पडदे मेले होते आणि रुग्णालय चालू होतं. प्रयोगशाळेच्या दारापासून थिएटरपर्यंत माणसं उभी राहिली होती. वॉर्डबॉय, फार्मसिस्ट, हिशेब विभागातल्या दोन बाया, एक दाढीवाला रखवालदार. रक्ताच्या तपासणीच्या चिठ्ठ्या हातोहात पुढे जात होत्या. प्रत्येक जण चिठ्ठीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि पुढचा तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, म्हणजे वाटेत कुठे चूक होऊ नये. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, वायरताईला कळेना. आयुष्यभर ती ज्याला नेटवर्क म्हणत आली ते तिच्या डोळ्यांसमोर श्वास घेत उभं होतं. ती मुकाट्याने रांगेत जाऊन उभी राहिली. हिशेबातल्या बाईने तिच्या हातात चिठ्ठी दिली, तिने आकडा वाचला आणि पुढे दिला.

बऱ्याच वेळाने थिएटरचं दार उघडलं. खाट बाहेर आली तेव्हा रांग आपोआप भिंतीला चिकटली. बाळ कुठे आहे ते आधी दिसलंच नाही, इतकं ते नळ्यांमध्ये हरवलं होतं. मग छातीवरची पट्टी वर-खाली होताना दिसली. वायरताई नास्तिक होती. तरी तिने हात जोडले, आणि कोणाला जोडले ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळ होता होता ती तळघरात परतली. पुढे ढीगभर काम होतं. एकेक यंत्र उघडून कुलपं वेचून काढायची, तपासायची, मगच जोडायची. त्याआधी तिने अकराव्या वॉर्डाचा कॉम्प्युटर सुरू केला. चोराने तिथे केलेली एकूण एक हालचाल त्यात नोंदलेली असायची, आणि केबल ओढली तेव्हा तो नेमका काय करत होता हे तिला बघायचं होतं.

केबल ओढली तेव्हा तो तिथे नव्हताच. तिने ओढण्याच्या थोडं आधी, ती टाइप करण्यात गुंतलेली असताना, तो आपल्या पायांनी निघून गेला होता. इशारा दिला नव्हता. जाण्यापूर्वी त्याने सात नंबरच्या फायलीत एक रकाना भरला होता.

वायरताईने ते वाचलं. उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

अधीक्षकांना तिने एवढंच सांगितलं की तो आधीच गेला होता.

"घाबरून पळाला," अधीक्षक म्हणाले. मग जरा थांबून, "त्या घड्याळजींचं पुढे काय झालं?"

"अजून लिहिलं नाही, सर."

घरी पोचली तेव्हा आई वाटाण्यांचं भांडं मांडीवर घेऊन तशीच बसली होती. सोलून झाले होते, फक्त भांडं खाली ठेवायचं राहिलं होतं.

"बाळ?" आईने विचारलं.

"छान आहे. बोटं हलवलीसुद्धा."

"आणि तो?"

वायरताई चपला काढून आईसमोर जमिनीवर बसली. वाटेत तिने स्वतःला बरंच बजावलं होतं. चोर तो चोर. बाळ टेबलावर असताना त्याचं बोट इशाऱ्यावर होतं. कदाचित त्याला वॉर्ड खोटा आहे हे कळलंही असेल, कदाचित तो थट्टा करून गेला असेल. आईला सांगावं की नाही हे तिचं जिना चढेपर्यंत ठरलं नव्हतं.

"आई, सात नंबरकडे आज मुलगा येऊन गेला."

आईने मान वर केली.

"तू लिहिलंस?"

"मी नाही. त्याने. भेटीस आलेल्यांच्या रकान्यात." तिने मोबाइलवर काढून आणलेला फोटो आईपुढे धरला, मग आईला चष्म्याशिवाय दिसत नाही हे आठवून स्वतःच ती भाषांतराची मोडकी मराठी वाचली. "मुलगा आले. खूप वेळ बसले."

आईने मोबाइल हातात घेतला, न दिसणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि पुन्हा वाच म्हणून परत दिला. वायरताईने पुन्हा वाचलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी लावत होतं. गाडीचा आवाज थांबेपर्यंत आई खिडकीकडे बघत राहिली.

"जेवून गेला का?" तिने विचारलं.